बोटांच्या पेरांवर मोजलेला रस्ता

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे टाळणं सोपंही गेलं. ती पूर्ण ठाऊक असलेली तीनच माणसं होती: मी, माझी बायको नलिनी, आणि जिच्याबद्दल ती आहे ती बाई. नलिनी गेली. त्या बाईनं विषय कधी काढला नाही. उरलो मी, आणि माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीमागचं भात कापलं. इमारतीमागचं म्हणजे दोन टॉवरांच्या मध्ये अजून न विकलेली पाच-सहा खाचरं आहेत, त्यातलं. माणमध्ये आता एवढंच भात दिसतं. सकाळी गॅलरीत चहा घेत उभा होतो आणि अकराव्या मजल्यापर्यंत तो वास आला. कापलेल्या इंद्रायणीचा, ओल्या काडाचा, उन्हात हळूहळू गोड होत जाणारा. खाली चार बायका ओणव्या होत्या. कापलेलं भात त्या ओळीनं आडवं टाकत जात होत्या. आमच्याकडे त्याला कडपं म्हणतात. कडपं वाळली की पेंढ्या बांधायच्या. वरून ते सगळं कुणी पिवळ्या खडूनं पाटीवर रेघा ओढाव्यात तसं दिसत होतं. पलीकडच्या रस्त्यावर कंपन्यांच्या पांढऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि हॉर्नचा आवाज वासाच्या मागोमाग वर येत होता.

हा वास आणि हा आवाज एकत्र आला की मला एकच सुगी आठवते. सात-आठ वर्षांपूर्वीची. बाकीच्या सुग्या त्या एकीच्या मागे उभ्या राहतात.

मी इथलाच. वडिलांची खाचरं जिथं होती तिथं आज एका कंपनीचं वाहनतळ आहे. मी तरुणपणी जर्मनीला गेलो, यंत्रांचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली आणि नलिनीला घेऊन परत आलो. परत आलो तेव्हा गाव ओळखू येईना. जिथं ओढा होता तिथं कमान होती, आणि कमानीवर ज्या झाडाचं नाव होतं ते झाड आमच्या शिवारात कधी उगवलं नव्हतं. तरी मला राग आला नाही. मी स्वतः गाव सोडून गेलेला. सोडून गेलेल्यानं रागवायचं कुणावर?

माझ्यासारखे सोडून गेलेले पुष्कळ होते. माण, मारुंजी, नांदे, घोटावडे आणि आतल्या वाड्यांमधली शिकलेली पोरं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आखातात पांगलेली. त्यांनी मिळून एक मंडळ काढलं होतं आणि मनात घेतलं होतं की मुळशीच्या या भागात एक चांगलं, छोटं रुग्णालय बांधायचं. मी ते चेष्टेवारी नेत नाही. दूर राहून गावासाठी काही करावंसं वाटणं ही साधी गोष्ट नाही, आणि ही माणसं नुसती बोलणारी नव्हती. त्यांच्यातला राजेंद्र अमेरिकेत भूलतज्ज्ञ आहे. तीस तासांच्या कामानंतरही तो सभेला बसायचा. मेघना मेलबर्नला. ती शाळेत शिकवते. तिचा बाप आतल्या वाडीत सर्पदंशानं गेला होता, गाडी वेळेत न मिळाल्यानं. ती सभेत कधी आवाज चढवायची नाही, पण सोडायचीही नाही.

सभा दर रविवारी सकाळी साडेसातला, संगणकाच्या पडद्यावर. आणि सगळी घासाघीस एकाच प्रश्नाशी येऊन थांबायची: रुग्णालय बांधायचं कुठं?

दोन जागा मिळत होत्या. एक माणमध्ये, मोठ्या रस्त्यालगत. दुसरी आत, रिहे खोऱ्याच्या तोंडाशी, तिथल्या ओढ्यापलीकडच्या माळावर. राजेंद्र म्हणायचा, “आत बांधलं तर डॉक्टर कोण येणार? रस्त्यावर असेल तर शहरातले चांगले डॉक्टर मिळतील. इमारत गावात आणि डॉक्टर पुण्यात, असं नको.” त्याचं चुकीचं नव्हतं. मेघना म्हणायची, “माणच्या माणसाला दहा दवाखाने आहेत. वाडीतल्या माणसाला एक तरी द्या.” तिचंही खोटं नव्हतं. दुबईचा एकजण दर सभेत म्हणायचा, “दोन्हीच्या मध्ये बांधा.” मध्ये डोंगर होता. ते त्याला दर सभेत सांगावं लागायचं.

गावात राहणारा मंडळाचा माणूस एकटा मी. सभेची टिपणं मी लिहायचो, कागदपत्रं मी पाहायचो, आणि कुठं काही अडलं की पडद्यावरचे सगळे म्हणायचे, “नाना काय म्हणतात बघू.” म्हातारपणी असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. त्या बरं वाटण्यात मी जरा जास्तच रमलो होतो.

आता माझी गोष्ट. नलिनीची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मी तिला शहरात नेत असे. जाताना दीड तास, येताना कधी दोन. परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घ्यायची आणि मी पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसायचो. रुग्णालयासाठी सुचवलेली माणची जागा आमच्या गॅलरीतून दिसत होती. तिला हाताला धरून चालत नेलं असतं तरी दहा-बारा मिनिटांत पोचलो असतो. मला ती जागा हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही वेगळ्याच शब्दांत सांगत होतो: डॉक्टर, सोय, पोच.

आदल्या डिसेंबरात राजेंद्र आणि आणखी दोघं सुट्टीवर आले होते. रस्त्याचा अंदाज घ्यावा म्हणून आम्ही माझ्या गाडीतून निघालो. ओढ्याच्या पुलापासून माणच्या जागेपर्यंत किती वेळ लागतो ते बघायला. गाडी मी चालवत होतो. अठरा मिनिटं लागली. राजेंद्र खूष झाला. “अठराच? मग आत बांधायचं कारण काय? आतलेही अठरा मिनिटांत इथं पोचतात!”

तो नाताळचा आठवडा होता. निम्मी हिंजवडी सुट्टीवर होती. परदेशातली आमची मंडळी दरवर्षी याच दिवसांत येतात, रिकाम्या रस्त्यावरून फिरतात, आणि तोच रस्ता मनात घेऊन परत जातात. त्यांना गाव ठाऊक होतं ते फक्त नाताळातलं आणि रविवारच्या सकाळचं. त्यांची चूक भाबडी होती. मला मात्र बाकीचे सगळे दिवस ठाऊक होते. आठवड्यातून तीन दिवस मी त्याच गर्दीत अडकलेला असे. तरी मी टिपणात लिहिलं: अठरा मिनिटं.

आता विमलताई. ती माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, आमच्या भावकीतली सून. तोंडावर मी तिला विमल म्हणतो. इथं विमलताई लिहितो. एवढं तरी करावं.

ती आशा सेविका. वाड्यांमधून फिरायचं, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, गोळ्या द्यायच्या, आणि वेळ आली की बाईला गाडीत घालून दवाखान्यात पोचवायचं, हे तिचं काम. शिवाय घरची चार खाचरं, दोन म्हशी. सुगीत ती पहाटे विळा घेऊन शेतात असायची, दहाला घरी येऊन अंघोळ करून निळी साडी नेसायची आणि वाड्यांवर जायची. सांजेला परत शेतात. आमच्याकडे सावडीची रीत आहे: आज तुझ्या शेतात सगळ्यांनी कापायचं, उद्या माझ्या. विमलताईच्या सावडीला बायका हटकून यायच्या. कारण कुणाच्या घरी काही झालं की पहिला फोन तिलाच जायचा, आणि तो फोन ती ओल्या हातानंही घ्यायची.

तिची एक सवय मी पुष्कळ दिवस पाहिली होती. अर्थ मात्र ठाऊक नव्हता. बसलेली असली की तिचा अंगठा त्याच हाताच्या बोटांवरून फिरायचा. करंगळीचं खालचं पेर, मधलं, वरचं. मग पुढचं बोट. मला वाटायचं, नामस्मरण करते.

त्या सुगीत एका रविवारी दारावरची घंटा वाजली. सभा सुरू व्हायला पाच मिनिटं होती. विमलताई दारात. केसांत काडाचे तुकडे, विळा पदराखाली धरलेला. शेतातून तशीच आली होती.

“नाना, ती परदेशातली लोकं आज बोलनार हायेत ना दवाखान्याचं? मला जरा बोलू द्या.”

नाही म्हणायला कारण सापडेना. नलिनीनं आतूनच सांगितलं, “ये गं विमल. विळा तिथं कोपऱ्यात ठेव. आणि चहा घेतल्याशिवाय बोलू नकोस, या लोकांची सभा लांबते.”

ती माझ्याशेजारच्या खुर्चीत, अगदी कडेला बसली. पडद्यावरचे पंधरा-वीस चौकोन बघून आधी पदर सारखा केला. मग मेघनाला ओळखून म्हणाली, “तू धोंडूअण्णांची ना? डोळं बापावर गेलंत.” मेघनानं मान हलवली. चष्मा काढून पुसत बसली.

मग विमलताईनं सुरुवात केली. भाषण म्हणून नाही. शेजारणीला सांगावं तशी.

“तुमी म्हनता अठरा मिंटं. आसतील. तुमच्या घड्याळाला मी खोटं कशी म्हनू? पन मी घड्याळ घालतच न्हाई. बाई गाडीत बसली की तिचा एक हात माझ्या हातात असतो. कळ आली की ती माझा हात आवळती. एक कळ, एक पेर.” तिनं पडद्यासमोर पंजा धरला. “एका हाताची बारा. दोनी हाताची चोवीस. ओढ्याच्या पुलावरनं निघताना कळा लागलेल्या असल्या, तर माझं दोनी हात सरतात तवर दवाखाना यायला पायजे. हात सरलं की मी दिराला म्हनते, गाडी थांबव. मग जिथं असंल तितं.”

“म्हणजे?” राजेंद्रनं विचारलं. त्याला कळलं होतं. त्याला तिच्याकडून ऐकायचं होतं.

“म्हंजे गाडीतच बाळंतपन. दोनदा झालंय माझ्या हातनं. एक त्या मोठ्या बिल्डिंगीच्या फाटकाशी. वाचमननं छत्री धरली, लई चांगला मानूस. ते पोर आता शाळंत जातंय.” ती थांबली. “दुसरं न्हाई वाचलं.”

मग दुबईकर म्हणाला, “पण रविवारी तर रस्ता मोकळा असतो.”

“रविवारी तुमी मोकळं असता म्हनून तुमास्नी तसं दिसतं,” विमलताई म्हणाली. “बायका रविवार बघून बाळंत होत न्हाईत, भाऊ.”

कुणीतरी हसलं. आतून नलिनीही हसली. मला ते हसू आवडलं नाही. सभा आतल्या बाजूला झुकत चालली होती, हे मला खुर्चीतूनच जाणवत होतं. खिडकीतून माणची जागा दिसत होती. राजेंद्र म्हणाला, “नाना, तुम्ही तिथं राहता. यांच्या मोजण्यावर कितपत भिस्त ठेवायची?”

मी इंग्रजीत बोललो.

आमच्या सभा मराठीत चालायच्या. त्या क्षणी मी इंग्रजीत शिरलो, कारण शेजारी बसलेल्या बाईला ते कळू नये. मी म्हणालो की बाई भली आहे, पण तिचं माहेर नेमकं त्या खोऱ्यात आहे, तेव्हा तिचा कल उघड आहे. बोटांवर मोजणं म्हणजे बायकांचा अंदाज. आपण स्वतः गाडीनं जाऊन मोजलं आहे. मी चांगल्या, शांत स्वरात बोललो. अशी वाक्यं शांत स्वरातच बोलता येतात.

विमलताईनं माझ्याकडे बघितलं. “काय म्हनलं नाना?” तिनं पडद्याला विचारलं.

आणि राजेंद्र, निर्मळ मनाचा माणूस, त्यानं ते मराठीत सांगितलं. “नाना म्हणतात, तुमचं माहेर त्या बाजूला आहे.”

“व्हय, हाय की,” ती म्हणाली. आवाजात काही फरक नव्हता. “माहेर हाय म्हनून तर ठावं हाय. सासर बी हाय माझं, हितं, मानला. मग मी कुनाच्या बाजूची?” मग तिनं पुढं वाकून, जणू पडदा म्हणजे खिडकी आहे अशा बेतानं, सगळ्यांना सांगितलं, “माझ्यावर इस्वास ठेवूच नका. या बुदवारी सांजच्याला गाडीत बसा. हितं येऊ नका, फोनातनंच बसा. म्या दावते.”

मेघना म्हणाली, “बसतो.”

विमलताई उठली, विळा घेतला. “भात पडलंय, निघते.” मी दारापर्यंत गेलो. तिनं चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “नाना, मराठीत बोलला असता तरी चाललं असतं.”

दार लावून वळलो तर नलिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला इंग्रजी येत होतं. तिनं विमलताईचा कप उचलला. चहा तसाच होता.

त्या आठवड्यात सगळीकडे कडपं पडली होती. अजूनही डोळे मिटले की तो बुधवार रंगानं येतो. भाताचा पिवळा, आणि त्याला खेटून टॉवरांच्या काचांतला तोच पिवळा, उलटा. जीप विमलताईच्या दिराची. पेंढा वाहून वाहून तिला त्याचाच वास लागलेला. पुढच्या काचेशी मी फोन टेकवून ठेवला. फोनात सगळं मंडळ. राजेंद्रची सकाळ होती, हातात कॉफी. मेघना मेलबर्नला झोप मोडून बसलेली. ओढ्याच्या पुलावर विमलताई मागच्या बाकावर बसली, डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि म्हणाली, “चला. पैली आली.”

अंगठा करंगळीच्या पेरावर.

पहिली सहा पेरं सुखाची गेली. दोन्हीकडे खाचरं, बांधावर बगळे, एका खळ्यावर झोडपणी चालली होती. फोनातून कुणीतरी म्हणालं, “अरे वा, काय सुंदर आहे!” माणच्या अलीकडच्या वळणावर पहिला पाण्याचा टँकर आडवा आला. त्याच्यामागे कंपन्यांच्या गाड्या. मोठ्या रस्त्याची गर्दी चुकवायला त्या गावातून घुसतात, त्यामुळे गावातलीही वाट बंद. त्यांच्यामधून दुचाक्या, भाजीचा टेम्पो, आणि कशाचंही काही वाटत नसलेली एक म्हैस.

“आली,” विमलताई म्हणायची. “गेली.” प्रत्येक ‘आली’ला तिचा श्वास थोडा अडखळायचा. मी चोरून घड्याळ बघत होतो. दोन ‘आली’मध्ये तीन मिनिटं. दर वेळी तीन मिनिटं. जन्मभर साच्यांच्या कारखान्यात काम केलेला माणूस मी, केसाएवढी चूक पकडायचो. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहत होतो, पण तिची चूक सापडेना.

पंधराव्या पेराला शेजारच्या गाडीच्या चालकानं काच खाली केली. तिशीतला, उत्तरेकडचा. विमलताईचा चेहरा आणि धरलेला श्वास बघून त्यानं विचारलं, “आंटी, डिलिवरी का केस है क्या?”

तिनं क्षणभर विचार केला. “हां, है,” ती म्हणाली.

मग जे झालं ते विसरणं शक्य नाही. तो गाडीतून उतरला. पुढच्याच्या काचेवर थाप मारली, “हटो भाई, डिलिवरी केस!” तो मागे सरकला, तिसऱ्यानं गाडी कडेच्या चढावर घातली, दुचाकीवाले उतरून दुचाक्या उचलायला लागले. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं घातलेली चार पोरं-पोरी टेम्पोला हात देत होती. अनोळखी, कुठल्या कुठल्या राज्यांतली माणसं घामाघूम होऊन आमच्यासाठी वाट करत होती. फोनात राजेंद्र बघत होता, हातातली कॉफी तशीच. एवढी सगळी माणुसकी मिळून आम्ही किती पुढं गेलो? दोन गाड्यांएवढं अंतर. त्यापुढं टँकर होता आणि टँकरला जायला जागाच नव्हती.

“तेवीस,” विमलताई म्हणाली. थोड्या वेळानं उजव्या हाताच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर अंगठा टेकला. “चोवीस. थांबव रं.”

गाडी थांबलेलीच होती. तरी दिरानं इंजिन बंद केलं. माणची जागा अजून दिसतही नव्हती.

“हितं,” ती फोनाकडे बघून म्हणाली. “हितं झालं ते दुसरं पोर.”

राजेंद्रनं कॉफी खाली ठेवली. मग तो म्हणाला, “ताई, मी भूल देणारा डॉक्टर आहे. मी रोज मिनिटं मोजतो. मला हे कळायला हवं होतं.” असं सगळ्यांसमोर म्हणायला हिंमत लागते. त्याच्याजवळ होती. मी त्याच गाडीत, दोन हातांवर बसलो होतो, आणि फोन पडू नये म्हणून धरून होतो.

परतताना विमलताई एकदम म्हणाली, “खोटं बोलले की मी आज.”

“कुणाशी?” मी दचकून विचारलं.

“त्या गाडीवाल्याशी. बाई नव्हती गाडीत. बिचारा उतरला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या.” दीर म्हणाला, “वयनी, त्यानं तुला वळखलं बी नसंल.” ती म्हणाली, “मी तर मला वळखते.”

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला चौकात गेलो होतो. चहाच्या टपरीशी कंपन्यांच्या गाड्या थांबतात. तिथं विमलताई उभी होती, निळ्या साडीत, हातात पिशवी. गाडीच्या काचेशी लटकलेली माळ, तेवढ्या खुणेवर तिनं त्या कालच्या चालकाला शोधला होता. तिचं हिंदी ऐकायला टपरीवरचे चार जण थांबले. “भैय्या, कल मैं झूट बोली. गाडी में बाई नहीं थी. माफ करना. ये हमारे खेत का चावल है, नया.”

तो तरुण गोंधळला, मग हसला. “कोई बात नहीं आंटी. कभी सच में होगा, तब भी हटाएँगे.”

मी दूध न घेता घरी आलो. सांजेच्या एवढ्याशा खोट्याची तिनं सकाळी चौकात, चारचौघांत फेड केली होती. नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, “आणि तुम्ही?” मी म्हणालो, “बोलेन ना तिच्याशी. सुगी उरकू दे.”

रुग्णालय आत झालं, माळावर. तीस खाटांचं, दारात आंब्याची दोन कलमं. राजेंद्रच्या शंकेचं उत्तरही मिळालं: गर्दीच्या उलट्या दिशेनं येता येतं म्हणून शहरातले डॉक्टर उलट खूषच होते. आणि आम्हालाही तेच लागू पडलं. पुढं तिथं डायलिसिस सुरू झालं तेव्हा नलिनीला घेऊन मी पंचवीस मिनिटांत पोचायचो, खाचरांमधल्या रस्त्यानं. ती आता खिडकीला डोकं टेकत नसे. बाहेर बघायची. ज्या जागेच्या आड मी आलो, त्याच जागेनं माझ्या बायकोला शेवटची दोन वर्षं जरा सुखाची दिली. विमलताई वाड्यांवरून येता-जाता तिच्याजवळ बसायची, दोघी कशावर तरी हसायच्या. मी आलो की विमलताई उठून मला खुर्ची द्यायची. परतताना नलिनी विचारायची, “बोललात?” मी गिअर बदलायचो.

उद्घाटनाला मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि “नानांनी जागेवर राहून केलेल्या पाहणीबद्दल” आभार. राजेंद्रचा दोष नाही. त्यानं माझ्या टिपणावरून वाचलं. बुधवारच्या टिपणात मी लिहिलं होतं: प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. कुणी केली, ते नाही. करण्यात आली. मी शाल घेतली. विमलताई मागच्या रांगेत एका अवघडलेल्या पोरीला खुर्ची लावून देत होती. तिथूनच तिनं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे मला दिसलं. वाजवल्या नसत्या तर बरं झालं असतं.

ती टिपणं अजून मंडळाच्या कागदांत आहेत. त्यांत रविवारचं माझं वाक्यही आहे, तिच्या माहेराचं. म्हणून आता दुरुस्ती लिहितो, मराठीत. डिसेंबरातली अठरा मिनिटं खोटी होती आणि ती खोटी आहेत हे मला गाडी चालवतानाच ठाऊक होतं. मला माणची जागा माझ्या सोयीसाठी हवी होती. विमलताईचा कल कुठंच नव्हता. पाहणी तिनं केली, एकटीनं, तिच्या बोटांच्या चोवीस पेरांवर. आणि त्या पेरांइतकं अचूक मोजमाप मी माझ्या कारखान्यात पाहिलं नाही. ही दुरुस्ती मी मंडळालाही पाठवली आहे. मेघनाचं लगेच उत्तर आलं: “नाना, हे त्यांना सांगितलंत का?”

परवा गेलो. इमारतीमागच्या त्या खाचरांतलं उरलेलं भात कापायला विमलताईचीच सावड होती. आता तिच्याही केसांत काडाएवढंच पांढरं आहे. मला बांधावरून येताना बघून ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला.

“नाना, चिखलात कशाला आला? हाक मारायची.”

बाकीच्या बायका पुढच्या ओळीला गेल्या. ती माझ्याजवळ बांधावर टेकली. समोर कडपं पसरलेली, वास तोच, पलीकडे तोच हॉर्न.

“विमल,” मी म्हणालो, “त्या रविवारी...”

“व्हय?”

तिचा हात मांडीवर उताणा होता. सवयीनं असेल, अंगठा करंगळीच्या पेरावर टेकला. मग मधल्या. मग वरच्या. ती घाई करत नव्हती. ती कुणालाच कधी घाई करत नाही.

“त्या रविवारी मी...”

अंगठा पुढच्या बोटावर गेला. ती वाट बघत राहिली, माझ्याकडे न बघता, समोर.

“यंदा भात बरं आलंय,” मी म्हणालो.

अंगठा थांबला.

“आलंय की,” ती म्हणाली, आणि विळा उचलून ओळीला लागली.